मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कोअर, आयटी की गेट?

प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकल, तिसरं वर्ष, पाचवं सेमिस्टर नुकतंच संपलंय. सीजीपीए ७.१, एक बॅक (राहिलेला विषय) होता तो निघाला. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, तिथे कोअर, म्हणजे मेकॅनिकलचंच काम असलेल्या कंपन्या फारशा येत नाहीत. वर्गातली निम्मी मुलं कोडिंगच्या क्लासला जातात, बाबा म्हणतात गेट (एम.टेक. आणि सरकारी कंपन्यांसाठीची परीक्षा) नाहीतर एमपीएससी कर, सीनियर म्हणतात कोअरमध्ये पैसा नाही. इंग्रजीत बोलायची भीती वाटते. मी काय निवडू?

आधी थेट उत्तर, कारणं मग. पुढच्या सहा महिन्यांत स्वतःवर कोअर, आयटी किंवा सरकारी असा शिक्का मारून घेऊ नकोस. रोज आठ-दहा तास कोणत्या प्रकारचं काम करताना तू टिकशील, ते शोधून काढ. डिग्री हातात पडायच्या आधी हे तपासता येतं, आणि तुझ्याकडे त्यासाठी पुरेसा वेळ आहे.

मी वीसेक वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत आहे. आधी प्रॉडक्शन, मग क्वालिटी. कॅम्पसच्या मुलाखतींनाही बसतो. वर्षाच्या आत नोकरी सोडून गेलेली बरीच मुलं पाहिली. त्यातल्या बहुतेकांची ब्रँचबद्दल काही तक्रार नव्हती. आपण ज्या कामाला लागलो त्या कामाचा दिवस कसा जातो, एवढंच त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

कोअरच्या आत एकमेकांशी फारसे न जुळणारे पाच-सहा व्यवसाय आहेत. प्रॉडक्शनमध्ये सातची पाळी असेल तर तू पावणेसातला लाईनवर असतोस. रात्रपाळीचा हँडओव्हर घ्यायचा, किती माणसं आली ते बघायचं, कोणतं मशीन बंद आहे, काल रिजेक्शन किती झालं. दुपारपर्यंत एखादं टूल तुटतं, कच्चा माल उशिरा येतो, एक ऑपरेटर अर्ध्या दिवसाची सुट्टी मागतो, आणि संध्याकाळचा आकडा मात्र तुझ्या नावावर लागतो. ज्याला माणसांत वावरायला आवडतं, ज्याचं डोकं गोंधळात शांत राहतं, तो इथे झपाट्याने वर येतो. पंचविशीतच अख्खी लाईन सांभाळायला मिळते, ही संधी फार थोड्या क्षेत्रांत आहे. ज्याला एका जागी बसून विचार करायचा असतो, तो मात्र इथे सहा महिन्यांत कोमेजतो.

क्वालिटीचा दिवस वेगळा. ग्राहकाकडून मेल येतो की पन्नास पार्टमध्ये बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मोठं निघालं. चोवीस तासांत कंटेनमेंट कळवायचं, म्हणजे त्यांच्या गोडाऊनमधला, वाटेतला आणि आपल्याकडचा माल वेगळा काढून तपासायचा. मग एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल. त्यात मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ असं लिहिलंस तर ग्राहक रिपोर्ट परत पाठवतो, कारण त्याला हे हवं असतं की ती चूक होऊ कशी शकली आणि झाल्यावर पुढे जाऊ कशी शकली. मग तू प्रक्रियेच्या मागे लागतोस: टूल किती पार्टनंतर बदलतात, गेज कधी कॅलिब्रेट केला, सीपीके, म्हणजे प्रक्रिया मर्यादेच्या आत किती खात्रीने राहते याचा आकडा, १.३३ च्या वर आहे का. ज्याला खोदत राहायला आणि नीट लिहायला आवडतं त्याच्यासाठी हे काम आहे. माझा कल इकडे आहे हे उघडच आहे, तेव्हा माझं कौतुक थोडं कमी करून घे.

डिझाईन सगळ्यांना हवं असतं. पण पहिली एक-दोन वर्षं नवीन काही डिझाईन करायला मिळेल असं समजू नकोस. आहे त्या ड्रॉईंगमध्ये बदल करायचा, रिव्हिजन चढवायची, बिल ऑफ मटेरियल दुरुस्त करायचं, आणि तो बदल का केला ते खालच्या दहा लोकांना पटवून द्यायचं. इथे सॉफ्टवेअर येणं ही फक्त सुरुवात. मी मुलाखतीत कागदावर एवढंच काढतो: २५ एच७ चं बोअर, २५ जी६ चा शाफ्ट (एच७, जी६ म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल याच्या ठरलेल्या खुणा), फटीची मर्यादा सांग. बोअर २५.००० ते २५.०२१ मिमी, शाफ्ट २४.९८० ते २४.९९३, म्हणजे फट कमीत कमी ७ मायक्रॉन आणि जास्तीत जास्त ४१. तक्ता लागला तर मी देतो, पाठांतर मला नकोच. तरीही कॅडचं सर्टिफिकेट घेऊन आलेली बरीच मुलं इथे थांबतात, कारण मॉडेल बनवताना त्यांनी फक्त २५ लिहिलेलं असतं. २५ म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. ज्याला तो पडतो त्याने डिझाईनकडे जरूर जावं, आणि जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉईंगवर आकार आणि जागेची सूट दाखवायची भाषा, मनापासून शिकावी.

मेंटेनन्स आणि ऑटोमेशनकडे मेकॅनिकलची मुलं वळून बघत नाहीत, ही मला खरी खंत वाटते. हायड्रॉलिक सर्किट वाचता येणारा, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) लॅडर प्रोग्रॅम समजणारा आणि सेन्सर खराब आहे की वायर तुटली आहे हे दहा मिनिटांत सांगणारा मुलगा कुठल्याही कारखान्यात हातोहात घेतला जातो. टेक्निकल सेल्स, म्हणजे कटिंग टूल्स, बेअरिंग, पंप असल्या वस्तूंचं अॅप्लिकेशन इंजिनिअरिंग, हे फिरतीचं आणि बोलण्याचं काम. तिथे शिकायला फार मिळतं, कारण वर्षभरात अनेक कारखान्यांची प्रक्रिया आतून दिसते. सीएईला, म्हणजे संगणकावर भागाची ताकद वगैरे तपासण्याच्या कामाला, गणित आणि चिकाटी दोन्ही लागतं, आणि तिथे एम.टेक. झालेल्यांना झुकतं माप मिळतं.

आता हे तपासायचं कसं? तुमच्या कॉलेजमधून दोन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले पाच-सहा सीनियर गाठ. त्यांना ‘स्कोप काय आहे’ असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर त्या महिन्यात साहेबाशी कसं जमतंय यावर ठरतं. विचार की गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंस. माणूस सांगायला लागला की नोकरीचं खरं चित्र समोर येतं, आणि ऐकताना आपलं मन कुठे रमतंय हेही कळतं. दुसरं म्हणजे जवळच्या एमआयडीसीतलं एखादं लहान मशीन शॉप. मोठ्या कंपनीच्या इंटर्नशिपमध्ये बऱ्याचदा महिनाभर प्रेझेंटेशन दाखवतात आणि सर्टिफिकेट देतात. दहा-पंधरा मशीनच्या वर्कशॉपमध्ये मालक तुला तिसऱ्या दिवशी व्हर्निअर हातात देऊन कामाला लावतो. पंधरा दिवस तिथे उभा राहिलास तर मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसच्या पुस्तकातले निम्मे धडे नव्याने समजतील, आणि शॉप फ्लोअर आपल्याला मानवतो की नाही याचं उत्तर मिळेल. नाही मानवला तरी ते पंधरा दिवस वाया गेले असं नाही, पुढची चार वर्षं वाचली.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक काम शेवटपर्यंत कर. दहा सर्टिफिकेटं आणि तीन अर्धवट प्रोजेक्ट यांच्यापेक्षा, ज्यातला प्रत्येक निर्णय तुला समजावून सांगता येतो असं एक पूर्ण काम मुलाखतीत कितीतरी पुढे नेतं. उदाहरण देतो. बाहा एसएईइंडिया, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवायची स्पर्धा, तिच्या टीममधली मुलं मुलाखतीला येतात. रोल केजसाठी, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक सांगाड्यासाठी, हीच ट्यूब का घेतली, असं मी विचारतो. एक म्हणतो, ‘सर, रूलबुकमध्ये होती.’ संपलं. दुसरा म्हणतो, ‘आमच्यासमोर २५.४ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडीची ट्यूब होती. नियमांत बेंडिंग स्टिफनेस आणि स्ट्रेंग्थ तेवढीच ठेवून दुसरा आकार घ्यायला परवानगी आहे. म्हणून आम्ही ४१३० क्रोमोली स्टीलची २९.२ व्यास आणि १.६५ जाडीची ट्यूब तपासली. मोमेंट ऑफ इनर्शिया, ज्यावर वाकण्याला होणारा विरोध ठरतो, पहिल्या ट्यूबचा साधारण १३,४८० मिमी चतुर्थघात, दुसऱ्याचा १३,६००. वजन मात्र मीटरला १.६६ किलोवरून १.१२ वर आलं. पातळ भिंतीमुळे वेल्डिंगला त्रास झाला, सुरुवातीचे जॉइंट जळाले, मग आम्ही टिग वेल्डिंगकडे वळलो.’ या मुलाचा सीजीपीए मी परत बघत नाही. यात दुसऱ्या वर्षाच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सपलीकडचं काहीच नाही. त्याने ते वापरलं, त्याची किंमत कुठे मोजावी लागली ते पाहिलं, आणि ते आकड्यांत सांगू शकला.

तुमच्या कॉलेजात बाहाची टीम नसेल तर नसू दे. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या एका लेथवर एकाच सेटिंगमध्ये तीस पीस काढ, प्रत्येकाचा व्यास मायक्रोमीटरने मोज, आलेख काढ, आकडे का सरकत गेले ते शोध. खर्च जवळपास नाही, आणि यावर मी तुझ्याशी अर्धा तास बोलू शकतो. सॉफ्टवेअरसाठीही पैसे घालू नकोस. फ्री-कॅड मोफत आहे, ऑटोडेस्क फ्युजन विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपन-फोमसारख्या (द्रव-वायूच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या) मुक्त सॉफ्टवेअरचं शिक्षण साहित्य उपलब्ध करून दिलंय. विषय कच्चे असतील तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेतच. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या महागड्या कॅड कोर्सला आई-वडिलांचे पैसे भरायच्या आधी, त्या क्लासमधून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या तीन मुलांचे नंबर माग. देत नसतील तर निघून ये. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबव. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

आयटीबद्दल. मेकॅनिकल करून सॉफ्टवेअरमध्ये जाणं यात कमीपणा काहीच नाही, आणि मोठ्या सर्व्हिस कंपन्या सगळ्या ब्रँचची मुलं घेतात हे खरं आहे. पण ‘सगळे चाललेत’ एवढ्यावर जाऊ नकोस. दोन महिने रोज रात्री तासभर पायथन लिही, आणि क्लासमधली उदाहरणं सोडवण्याऐवजी स्वतःचा एखादा त्रास सोडव: प्रयोगाच्या रीडिंगवरून आपोआप आलेख आणि एरर काढणारा प्रोग्रॅम, नाहीतर वर्गाच्या हजेरीचा हिशोब. प्रोग्रॅम चालत नाही, कारण सापडत नाही, तरी उठावंसं वाटत नाही, असं दोन-चारदा झालं तर सॉफ्टवेअर तुला मानवेल. मग डेटा स्ट्रक्चर्स, एसक्यूएल आणि अॅप्टिट्यूड याच क्रमाने मेहनत घे. दर वेळी लॅपटॉप मिटायची घाई होत असेल तर केवळ ऑफर मिळते म्हणून त्या वाटेला जाणं अवघड जाईल. ऑफर घेताना सर्व्हिस अॅग्रीमेंट शेवटच्या ओळीपर्यंत वाच, किती काळाचा बॉण्ड आहे आणि मोडला तर किती भरायचे हे बघ. शिवाय शिकलेलं पायथन कोअरमध्येही वाया जात नाही. मशीनमधून रोज डेटाचा ढीग बाहेर पडतो आणि तो वाचणारी माणसं कारखान्यात कमी आहेत.

बाबांच्या म्हणण्यावर जरा थांबून बोलू, कारण घराघरांत इथेच गाडी अडते. गेट ही चांगली परीक्षा आहे. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल अॅप्टिट्यूडचे. चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला गुण कापतात, आकडा टाइप करायच्या प्रश्नाला कापत नाहीत. तिसऱ्या वर्षालाही बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो, पण एनटीपीसीसारख्या सार्वजनिक कंपन्या भरतीला सहसा त्या त्या वर्षाचाच स्कोअर मागतात. मेकॅनिकलला तिथे जागा मोजक्या आणि स्पर्धा भयंकर. मात्र गेटचा अभ्यास करणाऱ्याचं वर्ष फुकट जात नाही: आयआयटी-एनआयटीत एम.टेक. मिळू शकतं, गेटमधून गेलेल्या विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलच्या मुलाखतीचं दारही या स्कोअरने उघडतं, आणि काहीच नाही झालं तरी कोअरच्या मुलाखतीत पाया पक्का दिसतो. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा वेगळ्या घाटाची आहे. पूर्वपरीक्षा ५०० गुणांची, मुख्य ६०० गुणांची आणि लेखी उत्तरांची, मुलाखत २०० ची, वय २१ ते ३०. गेटच्या अभ्यासावर ती उभी करता येते.

एमपीएससीबद्दल जपून बोलतो, कारण त्यात मुलांची उमेदीची वर्षं गुंतलेली असतात. परीक्षेत वाईट काही नाही. पण जाहिरात कधी येईल, आपल्या शाखेला जागा किती निघतील, निकाल आणि नेमणूक यांत किती महिने जातील, यातलं काहीच तुझ्या हातात नसतं. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे ‘अजून एक प्रयत्न’ म्हणता म्हणता तिशी ओलांडलेली मुलं मी पाहतो, आणि तोवर त्यांचं इंजिनिअरिंग विसरलेलं असतं. तेव्हा बाबांसमोर नकार घेऊन जाऊ नकोस, तारीख घेऊन जा. म्हण की चौथ्या वर्षाच्या फेब्रुवारीत गेट पूर्ण ताकदीने देतो, साधारण तेरा महिने हातात आहेत. जवळपास पोहोचलो तर नोकरी करत किंवा घरी बसून आणखी एक प्रयत्न करीन, लांब राहिलो तर मिळालेली नोकरी धरीन. कमाई नाही, शेवटची तारीख नाही आणि घरचे वाट बघतायत, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चांगला मुलगाही खचतो. तिन्हींपैकी निदान एक तरी तुझ्या ताब्यात ठेव.

परदेशी एम.एस.चा उल्लेख तू केला नाहीस, म्हणून मीही लांबवत नाही. तसा विचार आलाच तर इतकंच बघ की कर्ज कोणत्या तारणावर आहे आणि तिथे नोकरी नाही लागली तर इथल्या पगारात ते फिटेल का.

इंग्रजीची भीती. तू लिहिलेला प्रश्न स्वच्छ आहे, मुद्द्याला धरून आहे. म्हणजे विचार मांडता येतो, फक्त दुसऱ्या भाषेत तोंड उघडायची सवय नाही. मुलाखत घेणाऱ्याला फर्डं इंग्रजी नको असतं. त्याला हवं असतं की तू काय केलंस ते क्रमाने सांगावंस. रोज एक गोष्ट मोबाईलवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड कर: आज लॅबमध्ये काय केलं, सिंगल पॉइंट टूलचे कोन कोणते, पंपात कॅव्हिटेशन का होतं. दुसऱ्या दिवशी ऐक आणि तेच परत बोल. अडलास तर साधा शब्द वापर, पण वाक्य पूर्ण कर. महिन्याभरात फरक कळतो. सोबत लिहायची सवय लाव. प्रत्येक प्रयोगानंतर अर्धं पान: काय अपेक्षित होतं, काय मिळालं, का. जर्नलमध्ये उतरवून काढतो तसं नको, स्वतःचं. कारखान्यात ज्याचा रिपोर्ट लोक वाचतात त्याचं म्हणणं ऐकलं जातं, आणि हे मी अनुभवाने ठामपणे सांगतो.

माणसांशी वागण्याचंही तेवढंच. पंचवीस वर्षं मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला ‘दादा, हा आवाज कशाचा?’ असं विचारता येणं हे शिक्षण आहे. डिग्री आहे म्हणून त्याला शिकवायला जाणारे ट्रेनी पहिल्याच आठवड्यात एकटे पडतात, मग त्यांना कुणी काही सांगत नाही.

७.१ ची काळजी नको. बऱ्याच कंपन्या ६० टक्के किंवा ६.५ ची अट घालतात आणि सुरू असलेला बॅक चालवून घेत नाहीत. तू दोन्हींत बसतोस. सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला मात्र बॅक राहू देऊ नकोस, कारण नेमक्या त्याच काळात ड्राइव्ह येतात. कॉलेजात कोअर कंपन्या आल्या नाहीत तर डिग्रीनंतर नॅट्स या सरकारी अॅप्रेंटिस पोर्टलवरून ग्रॅज्युएट अॅप्रेंटिस म्हणून एक वर्षाचं प्रशिक्षण घेता येतं. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखालची ही योजना आहे आणि ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं, त्यामुळे कंपन्यांनाही परवडतं. पैसे कमी मिळतात, कायम करतीलच अशी हमी नाही. पण खऱ्या कारखान्यातलं एक वर्ष नावावर लागतं, आणि दुसऱ्या कंपनीच्या दारात उभं राहायला ते पुरतं. लक्षात ठेव की आधी वर्षभर नोकरी केली असेल तर त्यात बसता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी अर्ज आत्ता जानेवारीतच पाठव, मे महिन्यात सगळ्यांचे येतात तेव्हा कुणी उघडत नाही. एचआरच्या सर्वसाधारण पत्त्याऐवजी त्या कारखान्यातल्या प्रॉडक्शन किंवा क्वालिटीच्या माणसाला लिही, सीनियरकडून नाव मिळतं. आठ ओळी पुरेत: कोण आहेस, कोणते आठवडे मोकळे आहेत, तीस पीसच्या त्या अभ्यासाचा एक आलेख जोडलेला, आणि त्यांच्या विभागात कोणतं एखादं मोजमापाचं किंवा रिजेक्शनचं काम करायला आवडेल ते. पंधरा जणांना पाठव. दहा दिवसांनी ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना फोन कर, आणि त्या फोनवर इंग्रजी अडलं तर खुशाल मराठीत बोल.